धुरपते, तुझ्या आडाचं पाणी

धुरपते, आपण दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर पाणी शेंदलं. रविवारची सांज होती. तुझ्या गुडघ्यांनी तुला आडाच्या काठावर वाकू देणं बंद केल्याला दोन वर्षं झाली होती, म्हणून दोर मी ओढायचो आणि तू बाजूला उभी राहून हुकूम सोडायचीस.

"हळू वो. पोहरा कडाला आपटून राहिला. म्हातारपनी सोबतीला त्यो एकच हाय मला."

"आन् मी?"

"तुमी सरकारचे."

पदर दुहेरी करून तू घागरीच्या तोंडावर धरलास, मी पाणी ओतलं. घागर खांद्यावर घेऊन घरी आलो आणि तुझ्या माठात रिकामी केली. शेजारी माझा माठ, नळाच्या पाण्याचा. एका घरात दोन माठ. अख्खं गाव हसायचं आपल्याला. पाणीवाल्याचीच बायको पाणीवाल्याचं पाणी पीत नाही.

त्या सांजेला मला एक गोष्ट ठाऊक होती आणि तुला नव्हती. तीच लिहायला बसलोय. चौथी शिकलेला माणूस मी, माझ्या हातून काय लिहून होणार. पण छायानं समोर वही ठेवली आणि म्हणाली, "आबा, बोलून टाका न्हाईतर लिहून टाका, पन असं भिताडाकडं बघत बसू नका." उद्या तुझं जलदान, तुझ्या नावानं लोकांना पाणी पाजायचं. पोरगी हे सगळ्यांसमोर वाचणार आहे. वाचू दे. जे केलं ते लपवून एकदा बघितलंय मी.

तीस वर्षं झाली, गावच्या टाकीत ब्लीचिंग पावडर माझ्या हातून पडते. सकाळी बादलीत पावडर कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी टाकीत सोडायचं. मग गावातल्या शेवटच्या नळाखाली काचेची नळी धरायची आणि वरून औषधाचे दोन थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं की पावडर शेवटच्या घरापर्यंत पोचली. साठी उलटली तरी पंचायतीनं मला सोडलं नाही, कारण हे रोज करणारा दुसरा कोणी मिळेना. त्या पावडरनं माझी बोटं फाटायची. थंडीत तर रक्त यायचं. तू रोज जेवण झाल्यावर खोबरेल घेऊन बसायचीस आणि एकेक बोट चोळायचीस, शिव्या देत. "तुमच्याजवळ बसलं का दवाखान्यात बसल्यागत वाटतं. चाळीस घरांचं पाणी शुद्ध करता, आन् सोताची बोटं बगा." मी म्हणायचो, जंतू मरतात गं. तू म्हणायचीस, "दावा की मला एकादा जंतू. साप दिसतो, इचू दिसतो, डोस्क्यातली ऊ बी दिसती. तुमचा जंतूच तेवढा लाजरा!"

आजही तुझा तो 'लाजरा' आठवला की आधी हसू येतं, आणि मग जे येतं ते येतं.

आडाचं मी विसरलो असं समजू नकोस. छायाच्या पोरींना ठाऊक नाही म्हणून लिहितो. गावच्या विहिरीची पायरी आपल्या मायांना चढू देत नव्हते. वरून कुणी ओंजळीत ओतलं तर पाणी. नाही तर घागर पुढ्यात घेऊन उन्हात बसायचं, कुणाला दया येईस्तोवर. मोठ्या दुष्काळात आपल्या चार घरांनी स्वतःचा आड खणायला घेतला. तुझ्या हातावरची हळद अजून पुरी निघाली नव्हती. माझ्या मायनं तुझ्या डोक्यावर पहिल्या आठवड्यातच टोपलं दिलं. आक्का, माझी थोरली बहीण, खाली उतरून टोपलं भरायची आणि तू वरून ओढायचीस. दोन बाया, एक दोर. बाराव्या हाताला काळा दगड लागला तेव्हा पुरुष माणसं म्हणाली, सोडा. तुम्ही दोघींनी सोडलं नाही. सोळाव्या हाताला ओल आली, आणि दुसऱ्या दिवशी गुडघाभर पाणी. मातीसारखं गढूळ. मी म्हणालो, निवळू दे. तू ओंजळ भरून प्यालीस, दातात माती कचकचली, आणि म्हणालीस, "आपलं हाय."

तेवढं एकच वाक्य. तीस वर्षं तू माझ्याशी त्या एका वाक्यावर भांडलीस.

माझंही म्हणणं होतं, आणि ते तू कधी पुरतं ऐकून घेतलं नाहीस. ज्या गावात आपल्या सावलीनं पाणी बाटायचं, त्या गावाच्या टाकीत रोज माझा हात जातो. पाटलाच्या घरी आणि आपल्या घरी एकाच टाकीचं पाणी. मला त्याची लई ऐट होती. तू म्हणायचीस, "बरं हाय की. पिऊ द्या त्यान्ला तुमच्या हातचं. मी मह्या हातचं पिते." दोघंही खरं बोलत होतो. खरं बोलणाऱ्या दोघांची तकरार मिटत नसती.

एकदा, छाया शाळेत होती तेव्हा, मी तुला न विचारता आडात पावडर टाकली. तू पहिल्या घोटाला ओळखलंस. अकरा दिवस बोलली नाहीस. भाकरी वाढायचीस, कालवण वाढायचीस, बोटांना खोबरेलही लावायचीस, पण तोंडातून शब्द नाही. शिव्यासुद्धा नाहीत. अकराव्या दिवशी मी बेजार होऊन आडाच्या काठावर हात ठेवला आणि तुझ्यादेखत शब्द दिला, तू हाईस तोवर ह्या आडात पावडर पडणार न्हाई.

शब्द पाळला मी, धुरपते. पुरा पाळला.

आता ते सांगतो.

पाच-सहा वर्षांखाली आपण संडास बांधला. तुझा गुडघा, म्हणून तो परड्यात जवळ पाहिजे होता. खड्डा मी खणला. तू चहा आणून दिलास आणि म्हणालीस, आता पावसापान्याचं बांधावर जानं सुटलं, राजाची रानी झाले मी. तो खड्डा आडापासून किती पावलांवर आला, हे मी मोजलं नाही. गावात दुसऱ्यांना मी सांगत फिरायचो, खड्डा आडापासून लांब घ्या. स्वतःच्या परड्यात पावलं मोजली नाहीत.

दरसाल पाऊस लागला की गावाच्या आरोग्याचं बघणारी आशाताई आणि मी पाण्याच्या बाटल्या भरतो. बोटाएवढी काचेची बाटली, आत औषध घातलेलं. पाणी भरून झाकण लावून उबेला ठेवायची. दोन दिवसांत पाणी काळं पडलं तर त्यात माणसाची घाण उतरलीय असं समजायचं. यंदा टाकीची बाटली भरली आणि एक जादा उरली. दुपारी तू आडवी झाली होतीस. मी आडावर गेलो आणि ती भरली. दुसऱ्या दिवशी बघितली तर शाई. आरपार काही दिसेना.

तू आयुष्यभर म्हणालीस, दावा की एकादा. आणि दाखवायला माझ्या हातात जेव्हा पहिल्यांदा काही आलं, तेव्हा मी ते कोनाड्यात कंदिलामागं लपवलं.

का, ते स्पष्ट लिहितो. मी भ्यालो. तुझ्या रागाला नाही, त्या अकरा दिवसांना भ्यालो. पोळा आठ दिवसांवर आला होता, छाया पोरींना घेऊन औशाहून येणार होती, तू पुरणाची डाळ निवडून ठेवली होतीस. म्हणालो, पोळा होऊ दे. भरल्या घरात तोंड फुगवून बसली तर पोरगी काय म्हणंल. पोळा झाला की सांगू. पोळा झाला, छाया गेली. मग म्हणालो, आता ह्या आठवड्यात. बाटली कोनाड्यात, आणि मी रोज सांजेला त्याच आडाचं पाणी शेंदून तुझ्या माठात ओततोय. माझ्या हातानं. त्या रविवारीही ओतलं.

सोमवारी पहाटेच तुला जुलाब सुरू झाले. तू सांगितलं नाहीस. संडासाचं दार चार वेळा वाजलं तेव्हा मी विचारलं, तर म्हणालीस, "काही न्हाई, शिळं खाल्लं." दहा वाजता तू उठू शकली नाहीस. लुगडं भिजत होतं आणि ते पाणीच होतं, तांदूळ धुतल्यासारखं. डोळे आत गेले. बोटांची कातडी धुणं धुतल्यावर होते तशी चुरगळली. मी धावत आशाताईला सांगितलं. ती म्हणाली, गाडीला फोन करते, तवर मीठ-साखरेचं पाणी पाजत राहा.

मी तांब्याभर माझ्या माठातलं पाणी घेतलं, साखर टाकली, मीठ टाकलं. तू ओठाला लावलंस आणि तोंड फिरवलंस. तुझा आवाज बसला होता. नुसता श्वास बोलत होता.

"पावडरचं नगं. मह्या आडाचं द्या."

"धुरपते, आजच्या दिस पी."

"मरताना तरी नगं."

"मरताना कामून म्हनतीस?"

"मग द्या की."

आणि मी दिलं. माझ्या माठातलं ओतून टाकलं आणि तुझ्या माठातलं पाणी घेऊन पुन्हा साखर-मीठ कालवलं. उकळायला पाहिजे होतं. तीस वर्षं गावाला सांगतोय, पाणी उकळून प्या. चूल दोन हातांवर होती. तू पाणी मागत होतीस आणि मला चूल दिसली नाही. तीन तांबे प्यालीस तू. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आता सांगितलं.

गाडीनं लोह्याच्या दवाखान्यात, तिथून नांदेडला. दोन्ही हातांना सलाईन. डॉक्टरीणबाई आपल्या छायापेक्षा लहान होती, रात्रभर तिनं पाठ टेकली नाही. मला बाजूला घेऊन म्हणाली, "आजोबा, ही पटकी आहे, कॉलरा." मी म्हणालो, पटकी तर मह्या आजीच्या काळात होती. ती म्हणाली, "जंतूला काळ कळत नाही आजोबा, त्याला फक्त घाणीतून पाण्यात आणि पाण्यातून पोटात जायला वाट लागते." बरोबर बोलली. ती वाट मीच खणली होती. तरण्या माणसाचं अंग तग धरतं, म्हणाली, पण यांचं पाणी लई वेगानं गेलंय, मूत्रपिंडं थांबली आहेत.

मंगळवारी उजाडायच्या आत तू डोळे उघडलेस. मी कान जवळ नेला. मला वाटलं छायाचं काही सांगशील. "माठ भरला का वो?" असं विचारलंस. मी "हाव" म्हणालो. त्यानंतर तू काही विचारलं नाहीस.

डॉक्टरीणबाईनं मला पाणी दिलं, बसवलं. मग विचारलं, "आजीबाई कुठलं पाणी प्यायच्या?" मी म्हणालो, आडाचं. "अजून कोण पितं ते?" चार घरं, मी म्हणालो. "आजोबा, रडायला पुढं लई दिवस आहेत. आधी ती चार घरं बघा. तिकडच्या दवाखान्याला मी कळवते, पण गाडी पोचेस्तोवर कुणी ते पाणी प्यायला नाही पाहिजे."

वाईट वाटलं मला तेव्हा. बायको अजून गार झाली नव्हती आणि ही बाई मला कामाला लावत होती. आता वाटतं, तिनंच मला उभं केलं.

तुला घेऊन गावात आलो. छाया आली, औशाचे पाहुणे आले. त्रिशरण झालं, पंचशील झालं. माणसं नदीवरून परतली, उन्हात तापलेली, तहानलेली. दारात आक्का तीन घागरी भरून बसली होती. शहात्तर वर्षांची बाई, तुझ्यासाठी सकाळपासून पाणी शेंदत होती. म्हणाली, "धुरपताच्या मातीला आलेला मानूस धुरपताच्या आडाचं पानी पिऊन जाईल. जलदानालाबी हेच. नळाचा थेंब चालनार न्हाई." आणि तांब्या बुडवला.

मी तिच्या हातातला तांब्या घेतला. मग तिन्ही घागरी अंगणात लवंडल्या.

आक्काचा आवाज आला, "बायकूची राख गार झाली न्हाई, आन् तू तिचं पानी सांडतूस? तीस वर्सं तिच्याशी भांडून जिरली न्हाई का रं तुही?"

मी म्हणालो, "पिऊ नका. त्यात रोग हाय."

"रोग तुह्या डोस्क्यात हाय. त्या आडाची माती मी काढली. तवा कुठं व्हता तुहा रोग?"

मला बाटलीचं बोलता आलं नाही. कोनाडा दहा हातांवर, आणि मी तिकडं गेलो नाही. इतक्या माणसांसमोर कसं सांगायचं, की मला ठाऊक होतं? छायानं नळाचं पाणी आणलं, लोक प्याले. आक्का प्याली नाही. "मी तहानली निजंन," म्हणाली, आणि तुझ्या वाकळेवर भिंतीकडं तोंड करून पडली. तेवढ्यात आशाताई सांगत आली, आपल्या चार घरांतल्या पल्याडच्या कमलला आणि तिच्या सासऱ्याला जुलाब सुरू झालेत, लोह्याला नेलं. बरी आहेत दोघं आता, काळजी करू नकोस. पण त्या सांजेला ते कुणाला ठाऊक होतं?

मी तुझ्या माठाकडं बघत पडलो. चार घरांत लहानमोठी एकवीस माणसं. आक्का सकाळी उठून पुन्हा पोहरा सोडणार, हे मला कळत होतं. तिला अडवायला माझ्याकडं एकच गोष्ट होती, आणि ती दाखवली की मी तुझा गुन्हेगार. ठीक आहे, म्हणालो. गुन्हेगार तर गुन्हेगार. पण अजून एक माणूस जाऊ द्यायचा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली. कोनाड्यातून कंदील बाजूला केला. बाटली घेतली. तुझा माठ उचलला, त्यातलं पाणी परड्याच्या लांबच्या कडेला खड्डा करून ओतलं. मग खिळा आणि बत्ता घेऊन माठाच्या पोटाला एक भोक पाडलं. छाया ओरडली, "आबा, आईचा माठ!" मी म्हणालो, "आईचाच पायजे." माणूस गेल्यावर काही लोक मडकं फोडतात. आपण फोडत नाही. मीही फोडलं नाही, कामाला लावलं. आडासाठी अशीच रीत आहे, मला शिकवलेली: मडक्यात वाळू आणि पावडर मिसळून भरायची, तोंड बांधायचं, पाण्यात टांगायचं. भोकातून पावडर दिवसेंदिवस हळूहळू सुटत राहते. तसा तुझा माठ भरला.

आडावर गेलो तर आक्का पोहरा घेऊन हजर. चारी घरच्या बायाही होत्या. मी काठावर बाटली ठेवली.

"आक्का, ही बघ."

"काय हाय हे?"

"ह्या आडाचं पानी. पोळ्याच्या आधी भरलं. काळं झालं म्हंजे घान उतरली. मला म्हाईत व्हतं. धुरपताला मी सांगितलं न्हाई. तकरार नगं म्हनून सांगितलं न्हाई. संडासाचा खड्डाबी मीच जवळ खनला. तिला मी मारलं म्हन, न्हाईतर जंतूनं मारलं म्हन. पन आता ह्या आडाला हात लावायचा न्हाई, माझं पावडर टाकून होईस्तोवर."

मला वाटलं ती पोहरा माझ्या डोक्यात घालील. घातला असता तरी चाललं असतं. तिनं बाटली उचलली, उजेडाकडं धरली, हलवली. लई वेळ बघितलं. मग म्हणाली, "तिला दावायला पायजे व्हतं रं. ती सारखी म्हनायची, दावा म्हनून."

"हाव, आक्का."

"दावलं असतं तर आयकलं असतं तिनं. भांडली असती, पन आयकलं असतं."

"हाव."

ती खाली बसली आणि रडली. मी रडलो नाही. आधी दोन बादल्या पावडरचं निवळ पाणी आडात चारी बाजूंनी ओतलं. मग तुझ्या माठाला दोर बांधला, तोच आपला दोर, आणि वाकलो. वाळूनं माठ जड झाला होता. आक्का उठली, दोराचं दुसरं टोक धरलं. तुम्ही दोघींनी जसा दोर धरून माती वर काढली होती, तसाच तो धरून आम्ही दोघं म्हाताऱ्यांनी तुझा माठ खाली सोडला. कडाला आपटू दिला नाही.

तासभर काठावरच बसलो. कुणाला जवळ येऊ दिलं नाही. संडासाचा खड्डा बुजवायचा आणि पार पल्याड नवा घ्यायचा, हे तिथं बसूनच ठरवलं. आज लिहितोय तोवर तो निम्मा खणून झालाय, पावलं मोजून. मग पोहरा सोडला, नळीत पाणी घेतलं, दोन थेंब टाकले. पिवळं झालं. हळदीसारखं.

आक्का म्हणाली, "आधी तू पी."

तीस वर्षांनी मी तुझ्या आडाचं पाणी प्यालो, धुरपते. नोकरी लागल्यापासून हट्टानं प्यालो नव्हतो. तू रोज म्हणायचीस, एक घोट तर घेऊन बगा. घेतला. पावडरचा वास आहे, तो मी नाकारत नाही. पण पाणी गोड आहे. तू म्हणायचीस तसंच, गोड आहे.

मग तांब्या आक्काला दिला.